उधाणाच्या नोंदी निरुपयोगी नाहीत

उरणजवळ खाडीकाठी राहणाऱ्या माझ्या मावशीने गेल्या पावसाळ्यापासून उधाणाच्या भरतीच्या नोंदी ठेवायला घेतल्या होत्या. परवा तिने ते काम सोडले, कारण तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश आला: ‘उधाणाला 4.8 मीटरच्या, म्हणजे सोळा फुटी लाटा येतात. गल्लीत शिरते ते फक्त तुंबलेल्या गटारांचे पाणी. भरती उपग्रह मोजतात, सामान्य माणसांच्या फोटोंना किंमत नाही.’ नात्यातल्या तीन गटांत हा संदेश फिरला आणि एकानेही हरकत घेतली नाही, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

सोळा फुटी लाटांचे विधान साफ चूक आहे. भरतीच्या तक्त्यातला आकडा लाटेचा नसून पाण्याच्या पातळीचा असतो आणि तो जवळपास सर्वांत खोल ओहोटीपासून मोजतात. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच त्या शून्यापासून सुमारे अडीच मीटर वर आहे.

गाळाने भरलेली गटारे तुंबतात, एवढे मान्य करावे लागेल. मात्र भरतीचे पाणी पातमुखाच्या, म्हणजे गटार जिथे खाडीत उघडते त्या तोंडाच्या, वर चढले की स्वच्छ गटारातूनही निचरा होत नाही. शिवाय मावशीच्या वहीत डिसेंबरातल्या पौर्णिमेच्या रात्रीची नोंद आहे: पाऊस नाही, अंगणात खारे पाणी.

सर्वांत घातक मुद्दा तिसरा, कारण त्याने माणसे काम सोडतात. मुंबईच्या अपोलो बंदरावर 1878 पासूनच्या पातळीच्या नोंदी आहेत, पण त्या बंदरातल्या पाण्याच्या आहेत. खाडीच्या आतल्या वळणावर ते कोणत्या पायरीपर्यंत चढले, हे त्यांतून कळत नाही. उपग्रह ठरलेल्या वेळी वरून जातो, भरतीचा माथा थोडाच वेळ टिकतो आणि पावसाळ्यात वर ढग असतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात 2017 च्या नोव्हेंबरात ‘कॅच द किंग’ या मोहिमेत सातशेहून अधिक स्वयंसेवक पाण्याच्या कडेने चालले आणि मोबाइलवर त्यांनी 59 हजारांहून अधिक जागा वेळेसह नोंदवल्या. पर्यावरणविषयक सर्वेक्षणातील सर्वाधिक नोंदींचा गिनीज विक्रम त्यांच्या नावावर लागला. पण महत्त्वाचे हे की, तिथल्या सागरविज्ञान संस्थेने आपल्या पुराच्या अंदाजाचे नकाशे याच नोंदींशी ताडून पाहिले. ज्या फोटोंना किंमत नाही म्हणतात, त्यांचा उपयोग तो हा.

मावशीची पद्धत साधी आहे. भरतीचा माथा उलटून पाणी उतरू लागले की जोत्याच्या दगडावर ओली कड आणि तिला चिकटलेला काडीकचरा राहतो. तिथे ती खडूने रेघ मारते, खालच्या पायरीपासूनची उंची टेपने मोजते आणि वेळ, वारा, पाऊस होता की नाही, हे लिहून फोटो काढते. कड ओली आहे तोवरच हे करावे लागते. उशीर झाला तर रेघ अंदाजाने मारली जाते आणि ती नोंद बाद धरावी लागते. ज्या उधाणाला पाणी अंगणापर्यंत आलेच नाही, त्या दिवसाचीही नोंद तिने ठेवायला हवी, कारण अंदाजाने दाखवलेले पाणी कुठे पोहोचले नाही, हे तिथूनच कळते.