'प्राइम' नावाची मशीन स्टँडबाय कशी? दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, उत्तर द्यायला उशीर झाला त्याबद्दल सॉरी, पण त्या रविवारची लॅब मला आधी स्वतः बसून परत करून बघायची होती, नाहीतर नुसतं "आपल्या फीडबॅकबद्दल धन्यवाद" लिहून मोकळी झाले असते. तुमच्या अर्ध्या तक्रारी खऱ्या आहेत, अर्ध्या मला मान्य नाहीत.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, सरांनी लिहिलंय की आमच्या दोन दिवसांच्या ऑरॅकल डेटा गार्ड (डेटाबेसची दुसऱ्या मशीनवर सतत चालू प्रत ठेवायची सोय, मूळ ती प्रायमरी, प्रत ती स्टँडबाय) वर्कशॉपमध्ये 'प्राइम' मशीनवर टेबल बनवायला गेले तर एरर आली आणि ट्रेनर म्हणाले चुकीच्या मशीनवर आहात, स्नॅपशॉट स्टँडबायवर तासभर भरलेला डेटा गायब झाला, फेलओव्हरनंतर जुनी प्रायमरी परत उठलीच नाही आणि ट्रेनर म्हणाले "असंच असतं", मशीन स्लो, पार्किंग नाही, आणि "यापेक्षा रोज रात्रीचा बॅकअप बरा".

पहिली तक्रार शंभर टक्के आमची चूक. लॅबमधल्या दोन मशीनना आम्ही 'प्राइम' आणि 'स्टँडबाय' अशी नावं दिली होती. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून स्विचओव्हर केला, म्हणजे रोल अदलाबदल झाले, आणि रविवारी सकाळी तुम्ही बिचारे 'प्राइम'वर लॉगिन करून टेबल बनवताय आणि ती तर आता फिजिकल स्टँडबाय (हुबेहूब प्रत), रीड-ओन्ली उघडलेली, ती ओआरए-१६००० (फक्त वाचता येतं, लिहिता नाही) हीच एरर देणार ना! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. रोल मशीनच्या नावात नसतो, तो डेटाबेसच्या कंट्रोल फाइलमध्ये (जिथे तो स्वतःची माहिती ठेवतो) असतो आणि एका कमांडने बदलतो. मी स्वतः ११ वर्षं डीबीए (डेटाबेस सांभाळणारी) होते, हे मला माहिती असून नोट्समध्ये नावं तशीच राहिली. आता बदलली, एकीचं नाव 'पुणे' आणि दुसरीचं 'नागपूर', डीबी-नेम (डेटाबेसचं नाव) दोघींचं एकच पण युनिक-नेम (प्रत्येकीचं वेगळं नाव) गावावरून, म्हणजे रोल कितीही वेळा फिरले तरी नाव खोटं पडत नाही. आणि आता लॉगिन केल्या केल्या पहिलं काम, व्ही-डॉलर-डेटाबेस (डेटाबेसची स्वतःची माहिती दाखवणारा तक्ता) मधला डेटाबेस-रोल कॉलम बघायचा, मग कीबोर्डला हात लावायचा.

हे फालतू वाटत असेल तर गिटलॅबचं (प्रोग्रामरांचा कोड ठेवणारी साइट) आठवा. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनियरला वाटलं आपण सेकंडरीवर (म्हणजे स्टँडबायवर) आहोत, आणि डेटाची डिरेक्टरी उडवली ती निघाली प्रायमरीची. सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले. नशिबाने कोणीतरी सहाएक तास आधी हाताने स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) घेतलेला होता म्हणून वाचले, कारण नेहमीचे बॅकअप चालतच नव्हते. तो पोस्टग्रेस (दुसऱ्या जातीचा डेटाबेस) होता, ऑरॅकल नाही, पण रात्री थकलेला माणूस आणि दोन सारख्या दिसणाऱ्या खिडक्या सगळीकडे त्याच.

स्नॅपशॉट स्टँडबायचं मात्र मी ऐकून घेणार नाही :) ते गायब होणं हेच त्याचं काम आहे. स्टँडबाय स्नॅपशॉटमध्ये कन्व्हर्ट केली की ऑरॅकल गुपचूप एक गॅरंटीड रिस्टोअर पॉइंट (हमखास मागे जाता येईल अशी खूण) टाकून ठेवतं आणि डेटाबेस रीड-राइट उघडून देतं. प्रायमरीकडून रीडू (तिच्यावरच्या बदलांची नोंद) येत राहतो पण लावला जात नाही, साठत राहतो. परत फिजिकल केली की ती त्या पॉइंटवर मागे जाते, मधलं तुमचं सगळं पुसलं जातं आणि मग साठलेला रीडू लागायला सुरुवात होते. खऱ्या डेटावर नवीन रिलीज टेस्ट करायला एकदम मस्त, कारण कितीही घाण केली तरी एका कमांडमध्ये साफ. फक्त तेवढा वेळ तुमची डीआर (संकटातून सावरायची सोय) थोडी लंगडी असते, कारण नेमकं तेव्हाच खरं संकट आलं तर आधी ती परत कन्व्हर्ट करा, मग सगळा साठा लावा, मग टेकओव्हर. हे बोर्डवर लिहिलेलं होतं, फोटो आहे माझ्याकडे. तुम्हाला स्टँडबायवर स्वतःची जास्तीची टेबलं कायमची ठेवायची असतील तर तो लॉजिकल स्टँडबाय, तिथे रीडूचं एसक्यूएल करून चालवतात, पण सगळे डेटाटाइप तिला चालत नाहीत, त्यामुळे निव्वळ डीआरसाठी मी कोणाला सुचवत नाही.

फेलओव्हरचं. ट्रेनर "असंच असतं" म्हणाले ते अर्धसत्य. स्विचओव्हर म्हणजे दोघी जिवंत असताना ठरवून केलेली अदलाबदल, डेटा जात नाही, जुनी प्रायमरी आपोआप स्टँडबाय होते. २ मार्च २०२४ चा शनिवार आठवतोय का, एनएसई आणि बीएसई सुट्टीच्या दिवशी उघडले होते, ९:१५ ते १० मेन साइटवरून आणि ११:३० ते १२:३० डीआर साइटवरून? ती ठरवून केलेली अदलाबदल, आणि तीही खऱ्या ट्रेडिंगवर. फेलओव्हर म्हणजे प्रायमरी मेलीच असं समजून स्टँडबायला गादीवर बसवणं. मग जुनी उठली तरी तिला तसंच परत घेता येत नाही, नाहीतर दोन राजे होतील. तिला रीइन्स्टेट करायचं (स्टँडबाय म्हणून परत घ्यायचं) तर तिच्यावर फ्लॅशबॅक डेटाबेस (डेटाबेस मागच्या वेळेवर नेण्याची सोय) आधीपासून चालू हवा, आणि आमच्या लॅबच्या इमेजमध्ये डिस्क वाचवायला तो बंद ठेवलेला, म्हणजे अख्खी नव्याने बांधण्याशिवाय रस्ताच नव्हता. ही चूक आमची, आणि ट्रेनरनी ती तिथेच कबूल करायला हवी होती. फ्लॅशबॅक चालू करून मी काल करून बघितलं, ब्रोकरमधून (डेटा गार्ड चालवायचं टूल) एक कमांड दिली आणि जुनी प्रायमरी स्टँडबाय म्हणून उठून बसली.

आता "बॅकअप बरा". सर, राग समजू शकते पण हे वाचून कोणी खरंच डीआर काढून टाकेल म्हणून लिहिते. रात्री २ चा बॅकअप आणि संध्याकाळी ५ ला सर्व्हर रूमला आग, आर्काइव्ह लॉगही (रीडूच्या साठवलेल्या फाइली) त्याच खोलीत, तर दिवसभराचं काम गेलं. स्टँडबाय तिथे वाचवते. पण उलटंही खरं, कोणी व्हेअर (कोणत्या ओळी ते सांगणारी अट) न लावता डिलीट मारून कमिट (पक्कं) केलं की स्टँडबाय तेच डिलीट काही सेकंदांत इमानदारीने स्वतःवर लावते, तिला काय माहिती ते चुकून झालंय! तिथे बॅकअप किंवा फ्लॅशबॅक लागतो, किंवा मुद्दाम काही तास उशिरा रीडू लावणारी दुसरी स्टँडबाय. एकीचं काम दुसरी करत नाही, दोन्ही लागतात. आणि हो, एका क्लाएंटकडे मी अशी स्टँडबाय पाहिलीय जी तीन आठवडे काही लावतच नव्हती आणि डॅशबोर्ड हिरवा, कारण अप्लाय लॅग (रीडू लावण्यात ती किती मागे आहे) कोणी बघतच नव्हतं, फक्त पिंग होतंय का (मशीन उत्तर देते का) ते बघायचे.

मशीन स्लो होत्या, मान्य, ८ जीबी रॅममध्ये दोन डेटाबेस म्हणजे अत्याचारच, १६ केली आहे.

पैसे परत हवे असतील तर ऑफिसला फोन करा, लगेच देते. नाहीतर पुढच्या बॅचच्या रविवारी फुकट या, फेलओव्हर आणि रीइन्स्टेट तुमच्या हाताने करून घेते, यावेळी मी स्वतः असेन. स्टार बदलायचे की नाही ते तुम्ही ठरवा, मी मागत नाहीये. पार्किंगचं मात्र खरंच माझ्या हातात काही नाही, गल्ली पुण्यातली आहे, टू-व्हीलरवर या.