‘डिस्टिंक्ट’ म्हणजे नुसतं वेगळं नव्हे

परवा शेजारचे काका एक इंग्रजी कागद घेऊन आले. आंब्याच्या पेटीत घालायचं पत्रक. "बाय, ह्यां जरा बघ गो. मुंबैक पेटये धाडूचे आसत." त्यांच्या माळ्यावर आढी लागलीय, सदऱ्यालासुद्धा पेंढ्याचा आणि पिकायला आलेल्या आंब्याचा वास येत होता. कागदावर पहिलीच ओळ होती, ‘आवर मँगो इज डिस्टिंक्ट दॅन अदर मँगोज.’

‘दॅन’ खोडून ‘फ्रॉम’ केलं. डिस्टिंक्टनंतर फ्रॉमच येतं. पण तेवढ्याने वाक्य बरं होईना. म्हटलं, "काका, तुमका म्हणूचा काय आसा?"

"आमचो आंबो वेगळो. पेटी उघडली की घरभर वास सुटता. तो वास दुसऱ्याक नाय."

तेव्हा लक्षात आलं की घोळ इंग्रजीत नाही, आपल्या ‘वेगळं’मध्ये आहे. या एका शब्दावर आपण केवढं ओझं टाकतो! भाऊ वेगळे झाले, आज भाजी वेगळी लागते, तिचा स्वभावच वेगळा. प्रत्येक वेळी अर्थ निराळा, शब्द तोच. इंग्रजीत ही कामं वाटलेली आहेत, आणि शाळेत ती वाटणी आपल्याला कुणी समजावून देत नाही.

देवगडचा हापूस आणि रत्नागिरीचा हापूस चवीला थोडे निराळे लागतात. इथे ‘डिफरंट’ चालेल. पण जात एकच. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाचही जिल्ह्यांना मिळून, एकाच नावाने. म्हणून त्यांना ‘टू डिस्टिंक्ट व्हरायटीज’ म्हणता येणार नाही. हापूस आणि पायरी मात्र डिस्टिंक्ट. त्या दोघांच्या मध्ये गडगा, म्हणजे दगडी कुंपण आहे. तो गडगा दाखवता येत असेल तरच हा शब्द वापरावा, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

काकांच्या मनात होतं ते ‘डिस्टिंक्टिव्ह’. ज्या खुणेवरून ओळख पटते ती खूण. एसटी स्टँडवर पाठमोरा माणूस दोन वाक्यं बोलला की हा मालवणचा हे कळतं, तो हेल डिस्टिंक्टिव्ह. आणि कोकणी ही मराठीहून स्वतंत्र भाषा आहे हे सांगायचं असेल, तर तिथे डिस्टिंक्ट. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये तिला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९९२ मध्ये ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. या शब्दावरून माणसं वर्षानुवर्षं भांडली आहेत, म्हणून तो सैल हाताने वापरलेला मला आवडत नाही.

आणखी एक गैरसमज आपल्याकडे दहावीपासून येतो. पंच्याहत्तर टक्के पडले की ‘डिस्टिंक्शन’, पेढे, हार. त्यामुळे डिस्टिंक्ट म्हणजे उत्तम, वरच्या दर्जाचं, असं मनात घट्ट बसतं. एका निमंत्रणपत्रिकेत मी पाहुण्यांना ‘डिस्टिंक्ट गेस्ट’ केलेलं पाहिलंय. तो मान ‘डिस्टिंग्विश्ड’ या शब्दाचा. डिस्टिंक्टमध्ये कौतुक नाही, फक्त रेघ आहे. कुजका वासही डिस्टिंक्ट असू शकतो.

हा शब्द मला खऱ्या अर्थाने कळला तो मात्र चुलीपाशी. आई बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून टाकायची. खोबरं, मिरची, आंबट, मासा, सगळं एकजीव व्हायचं, तरी पहिल्या घासाला जिभेवर ती हलकी झिणझिण यायची. तिरफळ आमटीत मिसळलेलं असतं पण हरवत नाही. ‘अ डिस्टिंक्ट टेस्ट ऑफ तिरफळ’ म्हणजे हे. वेगळं काढून बाजूला ठेवलेलं ते ‘सेपरेट’. एकत्र राहूनही ज्याची ओळख पुसली जात नाही, ते डिस्टिंक्ट. पावसाच्या तोंडावर रात्री वारा सुटला की आमच्या घरात समुद्राची गाज येते, झाडांच्या सळसळीतूनही स्पष्ट. तीही डिस्टिंक्टच. ‘वेगळं’ आणि ‘स्पष्ट’ हे दोन अर्थ एका शब्दात का नांदतात, ते या दोन गोष्टींनी मला दाखवलं.

कुणी म्हणेल, गिऱ्हाइकाला आंबा गोड लागल्याशी मतलब. पण काका पहाटेपासून बागेत राबतात, एकेक आंबा देठाशी हुंगून पेटीत बसवतात. त्यांच्या वतीने बोलणारं वाक्य धड असायला नको?

शेवटी आम्ही लिहिलं, ‘आवर मँगो हॅज अ डिस्टिंक्टिव्ह अरोमा.’ काकांनी ते दोनदा वाचून घेतलं, मोठ्याने. मग विचारलं, "ह्येच्यात वास इलो मां?"

"इलो," म्हटलं.