नमुना किती वाजता घेतला?

महाराष्ट्रातल्या विज्ञान शिक्षकांचे वाद न्यू यॉर्कमधून वाचताना एक गोष्ट खटकते. वाद बहुतेक वेळा सामानावरच येऊन थांबतो. अटल टिंकरिंग लॅब या शाळेतल्या सरकारी प्रयोगशाळेच्या 20 लाखांपैकी उभारणीचे 10 लाख कशावर गेले, थ्रीडी प्रिंटर खोक्यातून निघाला का, विद्यार्थ्यांच्या कल्पनांसाठी मिळणाऱ्या इन्स्पायर-मानकच्या 10 हजारांत तयार मॉडेल विकत आणलं का. तक्रारी खऱ्याच आहेत. पण बीडकडच्या ऊसतोड कामगाराची नववीतली मुलगी रविवारी नदीवर पाण्याचे नमुने घ्यायला येत नाही, कारण त्या दिवशी ती खुरपायला जाते. प्रिंटर आला म्हणून तिचा रोज बुडायचा थांबत नाही.

गरीब मुलांच्या वेळेचे पैसे द्यावे लागतात, हे इथे अमेरिकेत आधी मान्य केलं गेलं. अमेरिकन केमिकल सोसायटीचा प्रोजेक्ट सीड 1968 पासून गरीब घरातल्या शाळकरी मुलांना उन्हाळ्यात खऱ्या प्रयोगशाळेत घेतो आणि मोबदला देतो. कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमंट-डोहर्टी वेधशाळेतर्फे न्यू यॉर्क शहरातल्या सरकारी शाळांची मुलं हडसनकाठच्या पिअरमाँट दलदलीत चिखल तुडवत नमुने काढतात, तीही पगारी. कुणी याला शिष्यवृत्ती म्हणेल. मी मजुरीच म्हणेन, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता कोल्हापूरच्या पंचगंगेवर काम करायचं, पाणी किती चांगलं ते बघायचं, तर त्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला जुनी विंकलर पद्धत पुरते. 300 मिलीची बीओडी बाटली (घट्ट काचेच्या बुचाची) सावकाश, काठोकाठ भरायची; बुडबुडा अडकला की आकडा फुगतो. तिथेच 1 मिली मँगनीज सल्फेट आणि 1 मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. तळाशी साका तपकिरी बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नाही. मग 1 मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल; साका विरघळतो आणि आयोडीन सुटतं. आम्ल आणि विषारी अझाइड शिक्षकांनीच हाताळायचं, चष्मा-हातमोजे घालून. त्यातलं 201 मिली घेऊन 0.025 नॉर्मल थायोसल्फेटने अनुमापन केलं, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबथेंब घातलं, की जितके मिली लागले तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन प्रति लिटर. स्टार्च रंग फिका पिवळा झाल्यावरच घालायचा. घाई केली तर आयोडीन स्टार्चला धरून बसतं आणि निळा रंग वेळेवर जात नाही.

एवढं सगळं बिनचूक करूनही निष्कर्ष साफ उलटा येऊ शकतो. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री सगळेच तो वापरतात. म्हणून पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी आणि दुपारनंतर भरपूर. शहराच्या वरच्या अंगाला सकाळी 7 वाजता आणि खालच्या अंगाला दुपारी 3 वाजता नमुना घेतला, तर नाले मिसळूनही खालचं पाणी चांगलं ठरतं! दोन तुकड्यांनी एकाच वेळी, तापमान टिपून नमुने घ्यावेत. मुलांच्या तक्त्याकडे बघून ‘किती वाजता घेतला?’ असं विचारणारा माणूस म्हणजे मार्गदर्शक. तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षक थर्माकोल बघून पुढे जातो. जवळच्या कॉलेजातला एम.एस्सी.चा विद्यार्थी मार्गदर्शकाचं काम करू शकतो, पण त्यालाही मानधन हवं.

अमेरिकेचं सगळंच उचलू नये. इथली बरीच कामं केंद्राच्या अनुदानावर उभी असतात. एप्रिल 2025मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेने विविधता आणि समावेशाशी जोडलेली अनुदानं चालू असताना रद्द करायला सुरुवात केली, आणि अर्ध्यावर आलेले प्रकल्प तिथेच थांबले. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा नदीपासून अनेकदा चालत जाण्याच्या अंतरावर असते. बसभाड्याचा खर्च तिथेच वाचतो.

वेळापत्रक मात्र जमत नाही. पावसाळ्यात पुरामुळे मुलांना काठावर नेता येत नाही, आणि दिवाळीच्या सुमारास बीडकडची ती मुलगी आईबापांबरोबर कोल्हापूरकडे तोडीला गेलेली असते. म्हणजे पंचगंगेच्याच खोऱ्यात, गाळपाच्या ऐन हंगामात. साका बसलेली बाटली थंड आणि अंधारात ठेवली तर काही तास टिकते; तेवढ्यात ती जवळच्या शाळेत पोचवता येईल. त्या शाळेने तिला हंगामापुरतं का होईना, पटावर घेतलेलं असलं पाहिजे.