गोंडोला किती दिवस बंद राहणार?

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या आणि ४,०८१ कोटी रुपयांच्या रोपवेला मंजुरी दिली, तेव्हा साताऱ्याच्या आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटात दोन तट पडले. आईला आता खेचरावर बसवायला नको, असे म्हणणारे एका बाजूला आणि हिमालयाच्या ठिसूळपणाची आठवण करून देणारे दुसऱ्या बाजूला. मला दोघांचेही म्हणणे पटत होते. खटकले ते एवढेच की इतक्या वादावादीत हा रोपवे वर्षातून किती दिवस बंद ठेवणार, हे एकानेही विचारले नाही.

मी राहतो त्या स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतात हा प्रश्न कोणाला पडतच नाही. ‘रेव्हिजन’, म्हणजे देखभालीसाठी ठरवून ठेवलेला बंद, हा शब्द इथे बेकरीवाल्यापासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांच्या तोंडी असतो. शरदातले पर्यटक ओसरून बर्फाचा हंगाम सुरू होण्याआधी, आणि पुन्हा वसंतात, एकेक गोंडोला, म्हणजे दोरावर एकामागून एक धावणाऱ्या बंद केबिनींचा रोपवे, थांबवून त्याची यंत्रे उघडली जातात. माझे आईवडील पहिल्यांदा इकडे आले ते एप्रिलच्या अखेरीस. मोठ्या हौसेने त्यांना एका डोंगराच्या पायथ्याशी नेले, तर दाराला कुलूप होते. मी वैतागलो, पण एसटीच्या कार्यशाळेत हयात घालवलेल्या बाबांनी पाटीचा अर्थ विचारून घेतला आणि शांतपणे म्हणाले, “म्हणजे गाडी डेपोत आहे म्हण की.”

या डेपोत काय चालते, ते सामान्य प्रवाशाला दिसत नाही. धावत्या दोराला केबिन घट्ट पकडून ठेवणारी ग्रिप प्रत्येक स्थानकात दोर सोडते आणि पुन्हा धरते. दिवसभरात असंख्य वेळा उघडझाप करणाऱ्या या भागात डोळ्यांना न दिसणारा तडा गेला आहे का, हे ती सुटी करून चुंबकीय पद्धतीने तपासावे लागते. खांबांवरच्या चाकांचे रबर झिजते, बेअरिंगे बदलावी लागतात. दोर वापराने लांबतो, मग तो कापून पुन्हा जोडायचा. या जोडाची लांबी दोराच्या व्यासाच्या किमान १,२०० पट असते, म्हणजे ५० मिलिमीटरच्या दोराला ६० मीटर, आणि त्यातला पेड न् पेड माणसांनी हातांनी गुंफायचा असतो. पोलादी खांब दशकानुदशके टिकतात, नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मात्र त्याआधीच म्हातारी होते, कारण तिचे सुटे भाग बनायचेच बंद होतात. म्हणूनच नूतनीकरण म्हणजे दर वेळी सगळे पाडून नवे उभारणे नव्हे. अर्थात तीही वेळ येते: ग्रिन्डेलवाल्डहून मॅनलिखेनला जाणारा १९७८ सालचा चार आसनी गोंडोला चार दशकांनी निवृत्त झाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्या जागी दहा आसनी नवा सुरू झाला.

ही कामे करणारी माणसेही घडवावी लागतात. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा रोपवेच्या यंत्रांचे चार वर्षांचे उमेदवारी शिक्षण घेतो आहे. त्याचे वर्ग मायरिंगेनला भरतात आणि उरलेले दिवस तो वंगणाने माखलेला असतो.

हे वाचून युरोपची आरती ओवाळतो आहे असे कोणाला वाटेल, म्हणून इटलीतल्या मोत्तारोने डोंगरावरच्या रोपवेची आठवण करून देतो. तिथे २३ मे २०२१ रोजी ओढणारा दोर तुटला आणि १४ माणसे गेली. अशा वेळी केबिन जागीच धरून ठेवणारा आणीबाणीचा ब्रेक चिमटा लावून निकामी करून ठेवलेला होता, कारण तो बिघाडामुळे वारंवार लागत होता आणि सेवा थांबत होती. दुरुस्तीसाठी थांबायचे नाही, म्हणून ब्रेकच बाजूला सारला गेला. गर्दीच्या गोंडोलाला माझ्या मते खरा धोका असतो तो याच मनोवृत्तीचा.

आपल्याकडे हा ताण अधिकच मोठा आहे. १९९८ आणि २००५ अशा दोन टप्प्यांत सुरू झालेल्या गुलमर्गच्या गोंडोलाला हिवाळ्यात बर्फासाठी आणि उन्हाळ्यात थंडाव्यासाठी गर्दी असते. मराठी सहलीही त्यात असतातच. खरा रिकामा हंगाम त्याच्या वाट्याला फारसा येत नाही, आणि दुरुस्तीसाठी तो बंद झाला की तिकीट हुकलेल्यांचा संताप उसळतो. तिथे जून २०१७ मध्ये वादळी वाऱ्यात झाड कोसळून सात जण दगावले. दोराखालच्या पट्ट्यातली झाडे पाहणे हाही देखभालीचाच भाग असतो.

केदारनाथचे गणित निराळे आहे. मंदिर हिवाळ्यात सहा महिने बंद असते, तेव्हा देखभालीला वेळ भरपूर, असे वाटेल. पण साडेतीन हजार मीटरवर, बर्फात, खांबावर चढून चाके कोण बदलणार? आणि दार उघडल्यावर दिवसाला १८,००० यात्रेकरूंची क्षमता गृहीत धरलेली असताना, भर यात्रेत एखादा संशयास्पद आवाज आला म्हणून दोन दिवस थांबण्याची मुभा तिथल्या अभियंत्याला असेल का? तिकिटे दुप्पट आणि गर्दी निम्मी असलेल्या देशात राहून हे विचारणे सोपे आहे, हे मला कळते. तरीही ताशी १,८०० प्रवासी हा आकडा जसा जाहीर झाला, तसेच वर्षातले बंद दिवस, त्या दिवसांचे बुडणारे उत्पन्न कोणी सोसायचे आणि सेवा थांबवण्याचा अंतिम अधिकार कोणाचा, हेही करारात लिहून लोकांसमोर ठेवावे, असे मी त्या गटात लिहिले. त्यावर पहिले उत्तर आले: “पण आमचं बुकिंग त्याच दिवशी असलं तर?”