दहा दिवसांत नऊ शहरं, तीही अगदी निवांत

प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, साल्झबर्ग, हॉलस्टाट, म्युनिक, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. दिवस १०. वर ठळक अक्षरांत ‘रिलॅक्स्ड युरोप बाय ट्रेन’. गेल्या आठवड्यात हा तक्ता ‘जरा नजर टाका’ म्हणून हातात पडला. सोबत विनंती: आणखी एखादं शहर बसतंय का बघा. बसतंय की! झोप काढून टाकली तर झ्युरिकसुद्धा बसेल. तेव्हा असाच निवांतपणा ज्यांना साधायचाय, त्यांच्यासाठी काही सूचना.

रोज गाव बदला. प्राग ते व्हिएन्ना गाडीला चार तास लागतात, म्हणजे मोडले ते चारच तास असं धरा. बॅगा भरणं, लवकर स्टेशन गाठणं, उतरल्यावर हॉटेल शोधणं, दुपारी तीनशिवाय खोली देणार नाही म्हणून लॉबीत बसणं, याला वेळ लागतच नाही मुळी. म्युनिकहून व्हेनिसला थेट गाडीनेही साडेसहा-सात तास जातात. ती इन्सब्रुकवरून ब्रेनर खिंडीतून जाते, बाहेर आल्प्स असतात. पण आदल्या दिवशीचं जागरण असल्याने तुम्ही तोंड उघडं टाकून घोरत असाल, त्यामुळे प्रश्न नाही.

युरेल पास, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या गाड्यांना चालणारा एकच पास, डोळे मिटून घ्या. पास आहे म्हटल्यावर सगळं फुकट! इटलीच्या फ्रेच्चारोसा आणि फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात, इटलीतल्या इटालो या खासगी गाड्यांवाले तर पास घेतच नाहीत, हे आधी वाचायचं कशाला? मोबाइल पास नुसता अ‍ॅक्टिव्हेट करून भागत नाही, चढण्यापूर्वी ती गाडी अ‍ॅपमध्ये पासला जोडावी लागते. नाहीतर तुम्ही विनातिकीट. हे ज्ञान तपासनीसाकडूनच घ्या, पक्कं लक्षात राहतं.

इटलीत रीजनल गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या शिक्का मारणाऱ्या मशीनमध्ये मुळीच घालू नका.

मेस्त्रे (कालव्यांच्या व्हेनिसच्या अलीकडचं स्टेशन) आलं की ‘व्हेनिस आलं’ म्हणून उतरा.

म्युनिकला गाडी बदलायला सात मिनिटं ठेवा. जर्मन रेल्वे हो, घड्याळासारखी! २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या १०० पैकी जेमतेम ६२ गाड्या वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे वेळेवरच धरतात.

आता बॅगा. इथे कसलीच तडजोड नको. माणशी एक २८ इंची, वर केबिन बॅग, वर पाठीला सॅक, कारण विमानात ‘अलाउड’ आहे ना! विमानात ती दुसरं कुणीतरी चढवतं आणि इथे हमाल नसतो, ही किरकोळ बाब. मधल्या स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. डब्याच्या टोकाची बॅगांची मांडणी आधी चढलेल्यांनी भरलेली असते. डोक्यावरच्या फळीत २८ इंची नीट बसत नाही, आणि बसली तरी २३ किलो डोक्याच्या वर उचलणार कोण, काका? पाठीला पाठ लावलेल्या दोन आसनांमध्ये खाली तिकोनी जागा असते, तिथे मध्यम बॅग मस्त सरकते. तुमची नाही सरकणार. मग ठेवा वाटेत उभी, पहिल्याच वळणावर ती एकटी डबा बघायला निघेल. उतरल्यावर प्रागच्या माला स्त्राना भागात मुठीएवढ्या दगडांचे रस्ते, दगडादगडांत फटी. चाकं सुपारीएवढी, प्लास्टिकची. दोन गल्ल्यांत एक निखळतं आणि तिथून पुढे २३ किलो तुमच्या हातात. व्हेनिसला सांता लूचिया स्टेशनबाहेर आलात की शेजारी स्काल्त्सी पूल: पायऱ्या चढा, पायऱ्या उतरा, आणि पुढच्या कालव्यावर पुन्हा तेच. जुन्या इमारतीतल्या हॉटेलात लिफ्ट नसते. असली तर दोन माणसं किंवा एक बॅग. आणि एवढं वाहून नेता काय? फोटोत रिपीट नको म्हणून दहा ड्रेस, रेडी टु ईटची चौदा पाकिटं, इस्त्री (इस्त्री!) आणि जर्मनीतल्या भाचीसाठी पेढे. बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला युरोपियन संघात बंदी आहे. प्रमाणपत्राशिवाय हापूसही चालत नाही. केळी आणि नारळ चालतात. घ्या नारळ, तेवढाच बॅगेला भार! नाणी टाकून चालणाऱ्या लाँड्र्या यातल्या बहुतेक शहरांत आहेत, दोन तासांत कपडे धुऊन वाळवून हातात येतात. चार जोड पुरतात हो. चार!

शांत डबा आपल्याला शांतपणे बोलता यावं म्हणून असतो. तोंडावर बोट ठेवलेलं चित्र बघूनही आत्याला व्हिडिओ कॉल लावा, स्पीकरवर. ‘दिसतोय का डोंगर?’ डब्याला दिसतोय, आत्या. आसनावरच्या पट्टीवर ‘राखीव’ उमटलेलं असताना तिथेच पथारी मांडा, आणि ज्याची जागा आहे तो आला की हसून ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणा.

पुरे. आता सरळच बोलते. रेल्वेने जायचं ते ती गावाच्या मध्यात सोडते म्हणून, विमानतळाची यातायात नको म्हणून. तुम्ही नेमकं तेच सुख घालवून नऊ स्टेशनं बघायला निघालाय. लाखो रुपये आणि वर्षाची रजा खर्चून! कुणाला यादी दाखवायचीय?

दहा दिवस आहेत ना? प्राग चार, व्हिएन्ना तीन, बुडापेस्ट तीन. जाताना विमान प्रागला, परतीचं बुडापेस्टहून. मध्ये दोनच मोठे प्रवास: एक चार तासांचा, एक अडीच-पावणेतीन तासांचा. दोन्हीकडे रेलजेट ही थेट वेगवान गाडी आहे, पास नको, दोन-तीन महिने आधी तिकीट काढा, स्वस्तात मिळतं. बाकी फिरणं मोकळ्या हातांनी. प्रागहून कुत्ना होरा तासाभरावर. मोठं स्टेशन गावाबाहेर सेडलेत्सला आहे, हाडांचं चर्च तिथून चालत, गावात जायला पुढे छोटी गाडी. व्हिएन्नाहून मेल्कचा मठ तासा-सव्वा तासावर. बुडापेस्टहून उपनगरी गाडीने सेंटेंद्रे, ४० मिनिटं. एक दिवस कुठेच जाऊ नका. रोम राहील, राहू दे. अडीच हजार वर्षं उभं आहे ते, तुमच्या पुढच्या रजेपर्यंत पडत नाही.

आणि ती २८ इंची बॅग शेजारच्यांकडून आणली असेल, तर आजच परत करून या.