कोतरं बुजवता, मग पाणी जाणार कुठे?

काल रात्री पावणेदोनला परत डंपर आला. नंबरप्लेटला चिखल फासलेला, हेडलाइट बंद. गॅलरीतून बघत होते मी. मागचा फाळका उघडला आणि फुटक्या फरशा, विटांचे तुकडे, संडासाचं अख्खं भांडं, सगळं धडाधड कोतरात गेलं. चार मिनिटांत डंपर पसार.

बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगते. विश्वामित्री पावागडावरून येते आणि शहराच्या मधून वाकडीतिकडी वाहते. तिच्या दोन्ही अंगाला कोतरं आहेत, म्हणजे घळी. पाऊस लागला की पाणी आधी या घळींत पसरतं, थांबतं, मुरतं. ती नदीची हक्काची जागा आहे. मगरी तिथे, झाडं तिथे. आणि हीच जागा आम्ही काटमाळ टाकून बुजवतोय. काटमाळ म्हणजे बांधकामाचा राडारोडा. आधी राडारोडा, मग वर माती, मग पत्र्याचं कुंपण, आणि दोन वर्षांनी तिथे पार्किंग! पन्नास वर्षं या शहरात राहते आहे, हे डोळ्यांनी पाहिलंय.

ऑगस्ट २०२४ विसरलात का हो सगळे? नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर कमरेएवढं पाणी. गाड्या गेल्या, फ्रिज गेले. आमचा विमा होता, वरच्या मजल्यावर शेजारी होते. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बेन नदीकाठच्या वस्तीत राहतात. त्यांचं अख्खं घर पाण्यात. चार दिवसांनी आल्या तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत मुलीची दहावीची मार्कशीट, भिजून एकमेकींना चिकटलेली पानं. ती आम्ही माझ्या स्वयंपाकघरात पंख्याखाली वाळवली, एकेक पान सुटं करत. शाई पसरलीच. "शुं करिए, बेन," एवढंच म्हणाल्या. मला काही बोलवेना.

म्हणून माझा संताप नुसता घाणीवर नाही. कोतरात राडारोडा टाकणाऱ्याचं घर कोरडं राहतं आणि बुडते ती वस्ती. वर त्याच वस्तीला नोटीस येते, की तुम्ही नदीत अतिक्रमण केलंय! भरणी करून वर कंपाउंड बांधणाऱ्याला कोण नोटीस देतं?

आणि हे बघायचं काम कुणाचं, याबद्दल संभ्रम नकोच. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. शहरांच्या कारभाराकडे सोपवायचे १८ विषय त्यात आहेत. आठवा पर्यावरणाचं रक्षण, नववा दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षण, दहावा झोपडपट्टी सुधारणा. एकाखाली एक लिहिलेत. लिहिणाऱ्यांना कळत होतं की नदी आणि नदीकाठचा माणूस वेगळे काढता येत नाहीत. राडारोड्याच्या २०१६ च्या नियमांनीच तो गोळा करायची, टाकायची जागा ठरवायची जबाबदारी स्थानिक संस्थेवर, म्हणजे इथे महापालिकेवर, टाकली. विश्वामित्रीवर तर मे २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचा आदेशच आहे. कागद कमी पडले म्हणून काही अडलेलं नाही!

मी महापालिकेकडे तक्रार केली. फोटो जोडला, वेळ लिहिली. तिसऱ्या दिवशी मेसेज, तक्रारीचा निकाल झाला. गॅलरीत येऊन बघितलं, ढीग जागच्या जागी. परत तक्रार, परत निकाल. पाच वेळा! शेवटी ऑफिसात गेले. टेबलावरचे साहेब म्हणाले, "मॅडम, ही जागा आमच्या खात्यात येत नाही." पलीकडच्या खोलीत गेले, तिथेही तेच. तिसऱ्याने विचारलं, तुम्हाला नक्की त्रास काय होतो? अहो, त्रास? राडारोडा माझ्या दारात असता तर तुम्हाला कळला असता का?

आमच्याच शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० च्या दशकात आजवा तलावाचं पाणी घराघरांत आणलं. आजही शहर ते पाणी पितं. कोतराच्या तोंडाशी एक अडसर, एक दिवा आणि एक रात्रीचा माणूस बसवायला आम्हाला जमत नाही? पुरानंतर २०२५ च्या उन्हाळ्यात नदी खोल करायला यंत्रं उतरवली. एकीकडे पैसे खर्चून गाळ काढायचा आणि दुसरीकडे रात्री डंपर कोतरं भरतोय, तिकडे बघायचंही नाही!

आज सकाळी बेन आल्या आणि गॅलरीत जाऊन ढिगाकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, यंदा पाऊस लागायच्या आधीच कागदपत्रं तुमच्याकडे ठेवू का? मी माळ्यावरचा स्टीलचा डबा काढून दिलाय. सहाव्यांदा तक्रारही टाकली आहे.