चार इंच कोबा, दहा फूट छत आणि लिफ्टचा फॉरवर्ड

टू-पोस्ट लिफ्ट म्हणजे दोन खांबांना लावलेल्या लोखंडी हातांवर गाडी उचलणारं यंत्र. गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर सध्या तिच्याबद्दल हा मेसेज फिरतोय: ‘घरच्या पार्किंगमध्ये टू-पोस्ट लिफ्ट कुणीही बसवू शकतो. चार इंच कोबा, दहा फूट छत पुरे. घरच्या लाइनवर चालते. हायड्रॉलिक असल्याने गाडी खाली यायचा प्रश्नच नाही.’

विजेचं वाक्य खरं आहे. सिंगल फेजवरच्या तीन हॉर्सपॉवरच्या मोटारी मिळतात. स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग द्या, झालं.

कोब्याचं मात्र साफ चूक. काही कंपन्या किमान चार इंच सांगतात, पण ते सलग काँक्रीटचे, आणि तेही साधारण 3000 पीएसआय मजबुतीचं, म्हणजे आपल्या एम-25 दर्जाच्या काँक्रीटच्या आसपासचं. आपल्याकडे वर फरशी, खाली माल, मग पीसीसीचा, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटचा, पातळ थर आणि मुरूम. मी माझ्या पार्किंगमध्ये भोक पाडून पाहिलं, काँक्रीट जेमतेम तीन इंच निघालं. जड पिशवी अडकवली की खुंटी भिंतीतून उपटू पाहते, तसंच इथे होतं. गाडी लिफ्टच्या हातांवर असते, खांब आत झुकू पाहतो आणि मागचे अँकर बोल्ट वर ओढले जातात. फरशी आणि मुरूम त्यांना काय धरणार? खांबांच्या जागी जमीन फोडून कंपनीच्या नकाशाप्रमाणे एम-25 भरा आणि 28 दिवस थांबा. पोडियमच्या, म्हणजे खाली आणखी मजला असलेल्या पार्किंगच्या, स्लॅबवर तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय विचारही नको.

दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. बुटके खांब त्यात मावतात, गाडीचं काय? स्विफ्टसारखी दीड मीटर उंच गाडी खाली उभं राहता येईल एवढी, म्हणजे 1.6 मीटर उचलली की टप 3.1 मीटरवर. छताला बीम असेल तर आणखी आधी ठोकणार. स्कॉर्पिओचं बोलूच नका.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाचा दाब, गाडी उचलतो. ती धरून ठेवायची लोखंडी लॉकने. हवी त्या उंचीच्या जरा वर नेऊन दोन्ही खांबांच्या लॉकवर टेकवायची, मगच खाली जायचं. सील गळलं तरी मग गाडी जागेवर राहते. इंजिन उतरवणार असाल तर तोल मागे जातो. डिकीखाली उंच स्टँड आधीच लावा.

आणि प्रत्येक वेळी, हातांच्या टोकांचे पॅड कंपनीने दाखवलेल्या जागीच गाडीखाली लावून, आधी वीतभरच उचला आणि बंपरला धरून गाडी जोरात हलवून बघा.